मुलगी १६ वर्षांची, व्हेप सापडला: इंदूरमध्ये महिला समुपदेशक सुचवा

अकरावीची_आई: लेकीच्या दप्तरात व्हेप (ई-सिगरेट) सापडला. मी हायलायटर समजून टोपण उघडायला गेले! रात्री तीनपर्यंत जागी, जेवण अर्धं, बोलणं बंद. ह्यांनी फोन काढून घेतला. थोरल्याला याच वयात सिगरेट ओढताना पकडलं तेव्हा हेच हसले होते. लोकमान्य नगरच्या जवळपास कुणी बाई समुपदेशक? बजेट एका वेळचे ८०० रुपये.

राजवाडा_भिया: आमचे विजयनगरचे सर २५०० घेतात, पण पोराचा गांजा सुटला. पैशाकडे बघू नका.

अकरावीची_आई: भाऊ, ८०० लिहिलंय.

नियमवाला: ई-सिगरेटवर २०१९ पासून देशभर बंदी आहे. आधी विकणाऱ्याची तक्रार करा.

बडोदेकर_काका: बंदीचं आम्हाला सांगू नका, आमच्याकडे दारूबंदी आहे!! मुलीला हॉस्टेलला टाका. आमची सरळ झाली.

रामबाग_ताई: काका, हॉस्टेलात काय मिळत नाही? ताई, निकोटीन एकदम तुटलं की चिडचिड होते, झोप उडते. पहिला आठवडा वाईट, मग २ ते ४ आठवड्यांत ओसरतं. त्याला नाटक म्हणू नका. पण उदासी आधीची असेल तर नुसता व्हेप सोडवून भागत नाही, तेवढं तिला विचारा. मुलगे दंगा करतात म्हणून शाळेतून फोन येतो. मुली गप्प होतात आणि घरचे म्हणतात, शहाणी झाली. मरावंसं वाटतं का, हेही सरळ विचारा, विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

राजवाडा_भिया: फोनवर काय होतंय! समोरासमोर पाहिजे.

विपश्यी: दहा दिवस विपश्यना. मी स्वतः केलीय.

रामबाग_ताई: दहा दिवस मौन? ती आधीच बोलत नाहीये हो.

पोहेजलेबी: १४४१६ वर करा फोन. कुणी सांगितलं का आधी?

अकरावीची_आई: विचारलं. मरायचं नाही म्हणाली, पण दिवाळीपासून काहीच आवडत नाही म्हणे. व्हेप त्यानंतरचा. आणि तिला बाई नकोच आहे, "त्या तुझ्यासारख्याच बोलतील." एमवाय या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत पुरुष डॉक्टर असले तरी चालतील म्हणते. सोमवारी जातोय, हेही येणार आहेत. फोन तिला परत दिला.

राजवाडा_भिया: सरकारीत? रांग बघितलीय का तिथली? सरांचा नंबर पाठवू?

बडोदेकर_काका: फोन परत द्यायला नको होता.