मदत हवी आहे: रूटने चालवूनही एसएस (उघडे पोर्ट दाखवणारी ss कमांड) पोर्टचा मालक दाखवत नाही

डेबियन १२ चा सर्व्हर आहे, त्यावर ३२७६८ च्या वरचा एक टीसीपी पोर्ट लिसनिंगमध्ये दिसतोय आणि तो कोणी उघडलाय तेच कळेना. सुडो लावून एसएस चालवलं तर प्रोसेसचा रकाना रिकामा, नेटस्टॅटमध्ये पीआयडीच्या (प्रोसेसच्या नंबरच्या) जागी नुसती आडवी रेघ, एलएसओएफ आणि फ्यूजर तर काहीच बोलत नाहीत. एसएसएच वगैरे बाकीच्यांची नावं नीट येतात, म्हणजे परवानगीचा प्रश्न नसावा. एसएसमधून त्या सॉकेटचा आयनोड नंबर (ओळख क्रमांक) काढून प्रॉकमधल्या (/proc) सगळ्या प्रोसेसच्या एफडी फोल्डरमध्ये (उघड्या फाइल्स-सॉकेट्सची यादी) शोधला, कुठेच नाही. रीबूट केलं की पोर्ट नंबर बदलतो, हे जास्त खटकतंय. डॉकर किंवा कुठलाही कंटेनर नाही, पण एनएफएस (नेटवर्कवरून फाइल्स वापरायची पद्धत) व्हर्जन ३ चं शेअर माउंट केलेलं आहे, त्यामुळे माझा संशय कर्नलच्या लॉक मॅनेजरवर (एनएफएसवरच्या फाइल्सची लॉक्स सांभाळणारा भाग) आहे. त्या शेअरवर काम चालू असतं, अनमाउंट करून बघता येणार नाही.

तर अनमाउंट न करता हा पोर्ट लॉक मॅनेजरचाच आहे हे पक्कं कसं करायचं, आणि फायरवॉलसाठी तो एकाच नंबरवर कायमचा कसा बांधायचा?