मदत हवी आहे : सबवूफरची पेटी भक्कम आणि हवाबंद कशी करावी?

नमस्कार. ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या घरासाठी मी १२ इंची सबवूफरची (खर्जाच्या आवाजासाठीच्या स्पीकरची) बंद पेटी १८ मिमी एमडीएफमध्ये (लाकडाच्या तंतूंपासून दाबून बनवलेल्या फळीत) बांधत आहे. बाहेरील माप ४० × ४० × ३६ सेंमी असल्याने आत सुमारे ४३ लिटर जागा मिळते. सांधे फेविकॉल आणि स्क्रूने जोडले असून मागची फळी बसवणे बाकी आहे. त्यामुळे आतील काम आताच ठरवावे लागेल.

समोरासमोरच्या फळ्यांना जोडणारी एक आडवी पट्टी पुरेशी ठरेल, की मोठी भोके पाडलेली पूर्ण चौकट घालावी? चौकट निश्चितच अधिक भक्कम, पण तिने व्यापलेली जागा एकूण आकारमानातून वजा होते आणि ड्रायव्हरच्या (पेटीत बसवायच्या मूळ स्पीकरच्या) चुंबकामागे मोकळीकही ठेवावी लागते. आधार अगदी मधोमध न देता थोडा बाजूला द्यावा, असे माझे मत आहे, कारण फळीचे दोन समान भाग एकाच कंपनसंख्येला थरथरतात.

सांध्यांसाठी व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन मला टाळायचे आहे, कारण ते सुकताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडते आणि बंद पेटीत ते धातूच्या भागांना बाधू शकते. न्यूट्रल क्युअर (सुकताना असे आम्ल न सोडणारे) सिलिकॉन वापरल्यास ड्रायव्हर बसवण्यापूर्वी किती दिवस थांबावे? शिवाय आपल्याकडील पावसाळ्यात एमडीएफच्या कापलेल्या कडा ओलावा शोषून फुगतात. त्यांवर पातळ केलेला फेविकॉल टिकतो की वुड सीलरच हवा? ड्रायव्हरचा हलणारा पडदा (कोन) हलकेच दाबून तो सावकाश परत येतो का, हे पाहण्याव्यतिरिक्त गळती शोधण्याची खात्रीशीर पद्धत कोणी वापरली असल्यास कृपया सविस्तर सांगावी.