मदत हवी आहे: लूपमध्ये एफएफएमपेग (व्हिडिओ हाताळणारा प्रोग्राम) चालवलं की पुढच्या फायलींची नावं तुटतात

लिनक्सवर ३०० एमपी४ फायली आहेत, बहुतेक तासा-तासाच्या. प्रत्येकीचं ३२० पिक्सेल रुंद थंबनेल (छोटं चित्र) हवंय. ‘फाइंड’ने काढलेली नावांची यादी ‘व्हाइल रीड’ लूपला पाइप केलीय, म्हणजे तो एकेक नाव घेऊन आज्ञा चालवतो. आतली आज्ञा अशी (टर्मिनलवर अर्थात रोमन अक्षरांत):

एफएफएमपेग -आय "$फ" -एसएस ००:१०:०० -फ्रेम्स:व्ही १ -व्हीएफ स्केल=३२०:-१ "$फ.जेपीजी"

पहिली फाईल होते, पण फार वेळ लागतो. दुसऱ्या वेळी ‘/डेटा/भाग-०२’ ऐवजी ‘टा/भाग-०२’ सापडत नाही असं येतं. शिवाय काही चित्रं नुसती काळी, आणि टेपवरून उतरवलेल्या जुन्या फायलींत माणसं चेपल्यासारखी दिसतात, कडांवर आडव्या रेघा.

प्रतिसाद १:
नावं तुटतात कारण एफएफएमपेग चालू असताना कीबोर्डवरून हुकूम ऐकत असतं. लूपमध्ये कीबोर्डच्या जागी तुमची यादी असते, तिचीच अक्षरं ते गिळतं. त्यात ‘क्यू’ आला तर काम अर्धवट टाकून बाहेर पडेल. ‘-नोएसटीडीइन’ घाला, थांबेल.

वेळ लागण्याचं कारण ‘-एसएस’ची (कुठल्या वेळेचं चित्र हवं ते सांगणारा पर्याय) जागा. ‘-आय’ म्हणजे मूळ फाईल. ते ‘-आय’च्या नंतर असल्यामुळे सुरुवातीपासूनची १० मिनिटं डीकोड होतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर १५,००० फ्रेम उलगडून फेकून द्यायच्या, एका चित्रासाठी! ‘-आय’च्या आधी ठेवा, म्हणजे थेट आधीच्या कीफ्रेमवर (पूर्ण साठवलेली फ्रेम) उडी मारून तिथून पुढचंच डीकोड होईल. ‘-आय’च्या आधी ठेवलं की नेमकी वेळ चुकते हा समज जुना आहे, आवृत्ती २.१ पासून असं चित्र काढताना नेमकी फ्रेम मिळते.

प्रतिसाद २:
काळ्या चित्रांसाठी ‘थंबनेल’ फिल्टर लावा. तो १०० फ्रेमचा गठ्ठा घेतो, त्यांच्या रंगांची सरासरी काढतो आणि तिच्या सर्वांत जवळची फ्रेम देतो. पण १०० फ्रेम म्हणजे जेमतेम ४ सेकंद. पडदा त्याहून जास्त वेळ काळा असेल तर चित्रही काळंच येणार. तिथे ‘थंबनेल=३००’ करा.

मात्र स्केल (आकार बदलणारा फिल्टर) आधी, थंबनेल नंतर. गठ्ठा मेमरीत राहतो. १०८०पी ची एक फ्रेम सुमारे ३ एमबी, म्हणजे ३०० फ्रेमना ९०० एमबीच्या वर. ३२०×१८० करून दिल्या तर २६ एमबीत भागतं.

प्रतिसाद १:
टेपवाल्या फायली वेगळ्या फोल्डरात काढा. ७२०×५७६ मधले पिक्सेल चौरस नसतात; एमपी४ ते प्रमाण सांगते, पण जेपीजी दाखवणारे बहुतेक प्रोग्राम तिकडे बघत नाहीत. रेघा इंटरलेसिंगच्या, म्हणजे फ्रेमच्या एकाआड एक ओळींचे दोन संच (फील्ड) वेगवेगळ्या क्षणी टिपलेले असतात. फिल्टर याच क्रमाने:

याडिफ,स्केल=आयडब्ल्यू*एसएआर:आयएच,सेटएसएआर=१,स्केल=३२०:-१,थंबनेल

याडिफ (रेघा काढणारा फिल्टर) स्केलच्या नंतर आला तर दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळलेली असतात, मग रेघा निघत नाहीत.

प्रश्नकर्ता:
नावं तुटणं थांबलं, वेगही आला. पण ७-८ फायलींची चित्रंच नाहीत.

प्रतिसाद २:
त्या १० मिनिटांपेक्षा छोट्या असतील. ‘एफएफप्रोब’ने (एफएफएमपेगसोबत येणारं, फाईलची माहिती सांगणारं साधन) लांबी काढून तिच्या १० टक्क्यांवरची वेळ द्या. आणि लूप परत चालवताना ‘-एन’ जोडा, म्हणजे झालेली चित्रं तशीच राहतील.