क्रूझच्या डेकवरून रात्री तारे खरंच दिसतात का? (मुंबई–लक्षद्वीप, जानेवारी)

बर्डीवाली
जानेवारीत आईबाबांना घेऊन मुंबईवरून लक्षद्वीपच्या क्रूझला जाऊन राहिलो आम्ही. बाबा भूगोलाचे रिटायर्ड शिक्षक, आकाशाचं भारी वेड, आणि त्यांना एकदा त्रिशंकू (दक्षिणेकडचा क्रॉसच्या आकाराचा तारकासमूह) नीट बघायचा आहे, नागपुरात तो क्षितिजाला इतका चिकटून असतो की बिल्डिंगा आणि धुळीतच जातो. पण जहाजावर रात्रभर लाइट, म्युझिक, पूल पार्टी, मग तिथे तारे दिसतात का हो? कुठे उभं राहायचं, तारीख कोणती घ्यायची, दुर्बीण न्यायची का? बुकिंग याच आठवड्यात करायचं आहे.

दर्यावर्दी_नागपूर
ताई, मी बरीच वर्षं मर्चंट नेव्हीत होतो म्हणून सांगतो, दिसतात, पण जागा शोधावी लागते. पूलवाला वरचा डेक रात्री लग्नाच्या मांडवासारखा उजळलेला असतो, तिथे काहीच हाती लागत नाही. ब्रिजच्या (जिथून जहाज चालवतात ती खोली) पुढचा भाग मात्र अंधारात ठेवतात, काहून की वॉचवरच्या ऑफिसरला समोरच्या बोटी दिसायला पाहिजेत, उजेड डोळ्यात गेला तर त्याला काहीच दिसणार नाही. पुढच्या बाजूचा एखादा डेक पॅसेंजरला खुला आहे का आणि रात्री किती वाजेपर्यंत, हे बुकिंगच्या आधीच विचारा, काही जहाजांवर तो बंद असतो. तसा डेक खुला नसेल तर बाल्कनीवाली रूम घ्या, आतला लाइट बंद करायचा, पडदा ओढायचा आणि बाहेर बसायचं.

बाजू पण बघून घ्या. जाताना जहाज दक्षिणेकडे जातं, म्हणजे डावीकडे किनारा, तिकडे शहरांचा उजेड आणि मच्छीमारांचे दिवे, उजवीकडे मोकळा समुद्र. येताना सगळं उलटं, तेव्हा दक्षिण मागच्या बाजूला येते.

आकाशवेडा_धरमपेठ
तारीख अमावास्येच्या आजूबाजूची घ्या, कालनिर्णय उघडा आणि बघा, बाकी सगळं नंतर. पौर्णिमेला चांदण्यात समुद्र सुंदर दिसतो पण तारे निम्मे गायब.

जानेवारीत संध्याकाळी मृग, रोहिणी, कृत्तिका सगळं वरच असतं, व्याध चमकत असतो आणि रात्री दहा-अकराच्या सुमारास व्याधाच्या खाली दक्षिणेला अगस्त्य हा ठळक तारा. नागपुरातून अगस्त्य जास्तीत जास्त 16 अंश वर येतो, लक्षद्वीपजवळ 27 च्या आसपास. बाबांचा त्रिशंकू मात्र पहाटेचा, साडेचार ते साडेपाच, उशीर केला तर उजाडायला लागतं. त्याच्या आधी त्याच भागात दुसरा एक मोठा, थोडा फिका क्रॉस दिसतो, खूप लोक त्यालाच त्रिशंकू समजतात. खऱ्याची खूण म्हणजे डावीकडे खाली मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे, त्यांना जोडणारी रेघ वर नेली की थेट त्रिशंकूवर जाते.

आणि एक करायला लावा बाबांना. हात सरळ पुढे करून मूठ धरली की ती साधारण 10 अंशाची होते. नागपुरात ध्रुवतारा क्षितिजापासून दोन मुठी वर असतो, लक्षद्वीपला एकच मूठ. आयुष्यभर अक्षांश शिकवलेल्या माणसाला ते स्वतःच्या हाताने मोजता येईल, मला वाटतं ट्रिपमधलं सगळ्यात भारी हेच असेल. जायच्या आधी रमण विज्ञान केंद्रातल्या तारांगणात एक शो पण दाखवा त्यांना.

पेंचप्रेमी
नुसता अंधारच पाहिजे असेल तर आपलं पेंच आहे ना, जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपलेली जागा) झालं, घरापासून दोन-अडीच तासात. जहाजाच्या उजेडात आकाशगंगा तशी दिसणार नाही. त्रिशंकूसाठी मात्र क्रूझच, समुद्राचं मोकळं क्षितिज जंगलात मिळत नाही. उन्हाळ्यात, एप्रिलमध्ये, हाच त्रिशंकू रात्री दहा-अकराला दक्षिणेला असतो, पेंचमधून तेव्हा बघता येईल, फक्त खूप खाली.

बर्डीवाली
अमावास्येजवळची तारीख मिळून राहिली, बाल्कनी पण. बाबा आत्तापासूनच मूठ धरून गच्चीवर उभे राहतात 😀 फोटो काढता येतील का? आणि आईला थंडी वाजेल का?

दर्यावर्दी_नागपूर
लांब एक्सपोजरचे फोटो विसरा, जहाज हलतं, ट्रायपॉड लावला तरी ताऱ्यांच्या रेघाच येतात. दुर्बीण 7x50 ची (7 पट मोठं दाखवणारी, 50 मिमी काचेची) न्या, जहाजांवर तीच वापरतात, 10 पटीच्या वरची हातात स्थिर राहत नाही आणि काचेवर खारट थर बसतो म्हणून पुसायला मऊ कापड ठेवा. थंडी नागपूरसारखी नाही पण जहाज चालत असताना वारा सुटतो, आईंना कानटोपी आणि विंडचिटर पाहिजेच. मोबाइलचा टॉर्च लावू नका, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका टॉर्चने सगळी जाते. लावावाच लागला तर त्यावर लाल जिलेटिन कागद गुंडाळा, इतवारीत स्टेशनरीच्या दुकानात मिळून जाईल.