हांगझोऊची हर्डल्स फायनल: वू यान्नीला पळू द्यायलाच नको होतं

धावपट्टी:
१ ऑक्टोबर २०२३, आशियाई खेळ, महिलांची १०० मीटर हर्डल्स. बंदूक वाजण्याआधीच चीनची वू यान्नी ब्लॉकमधून (पाय टेकवायच्या ठोकळ्यांतून) सुटली, तिच्या हालचालीने आपली ज्योती याराजीही उठली. पंचांनी आधी दोघींनाही बाद ठरवलं. मग स्क्रीनसमोर खलबतं, आणि शेवटी दोघींनाही प्रोटेस्टखाली, म्हणजे हरकत नोंदवून, निकाल नंतर ठरवायच्या बोलीवर पळू दिलं. चीनचीच लिन युवेई १२.७४ सेकंद, वू १२.७७, ज्योती १२.९१. नंतर वू बाद झाली आणि ज्योतीच्या कांस्याचं रौप्य झालं. आपण खूश! पण २०१० पासून नियम स्वच्छ आहे, पहिल्याच फॉल्स स्टार्टला (बंदुकीआधी सुटलं की) बाहेर. यजमानांची खेळाडू नसती तर एवढा घोळ घातला असता का?

बिनपाण्याची:
साफ असहमत. प्रोटेस्टखाली पळायची सोय नसती तर ज्योतीही बाहेर बसली असती. तीही बाद ठरलीच होती ना? सवलत एकीला हवी आणि दुसरीला नको, असं कसं?

धावपट्टी:
गल्लत होतेय. दुसरीमुळे उठलेलीला बाद करायचं नसतं, जी कारणीभूत तीच बाद. रेफरीने हे जागेवर लावलं असतं तर ज्योतीला प्रोटेस्टची गरजच नव्हती.

सांगलीकर_उडी:
तुम्ही दोघं कागदावर भांडताय, शर्यतीचं बोला. ऑगस्टमध्ये चेंगडूच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत ज्योती १२.७८ पळाली होती. इथे १२.९१. पहिला अडथळा १३ मीटरवर, पुढे प्रत्येक ८.५ मीटरमध्ये तीनच पावलं. सुरुवातीला लय बिघडली की उरलेली शर्यत निस्तरण्यात जाते. बाद ठरवून, भांडायला लावून, पुन्हा ब्लॉकमध्ये बसवायचं, वर जिने घोळ केला तीही सोबत पळणार. हा कुठला न्याय?

बिनपाण्याची:
१२.९१ त्यामुळेच आली हे कशावरून? फायनलचं दडपणही असतं की. आणि झटपट निकालाचं एवढं कौतुक असेल तर २०२२ची युजीनची जागतिक स्पर्धा आठवा. पुरुषांची ११० मीटर हर्डल्स फायनल, डेव्हन ॲलन. बंदुकीनंतर किती वेळात हालला, तर यंत्र म्हणालं ०.०९९ सेकंद; मर्यादा ०.१००, त्याआधी हाललं की फॉल्स स्टार्ट. एक हजारांश सेकंदासाठी घरी! पळू दिलं असतं तर नंतर काढता आलं असतं. न पळलेली शर्यत कुठून परत आणणार?

धावपट्टी:
ॲलन तर माझ्याच बाजूचं उदाहरण. अमेरिकेत अमेरिकन खेळाडू, तोही जिथे स्पर्धा झाली त्याच ओरेगन विद्यापीठाचा, तरी बाहेर काढला. ०.१०० ची मर्यादा फार कडक आहे हे मान्य, पण तो वेगळा धागा काढा. वूचं यंत्राच्या हजारांशावर अडलं नव्हतं, उघड्या डोळ्यांना दिसत होतं.

बिनपाण्याची:
बरं, मग लिनचं काय? तीही त्याच घोळात ताटकळली होती. सुवर्ण घेऊन गेली.

सांगलीकर_उडी:
लिनला कुणी बाद ठरवलं नव्हतं हो.