मदत हवी आहे: आईच्या कानाच्या मशीनच्या नळीत पाणी साचतंय

आई ७४ वर्षांची, चिपळूणला असते. दोन्ही कानांना कानामागे लावायची मशीन आहेत, १३ नंबरच्या, नारिंगी स्टिकरवाल्या सेलची. उन्हाळाभर उत्तम चालली. पाऊस लागल्यापासून मात्र उजवं दुपारपर्यंत बंद पडतं. काल खिडकीशी धरून पाहिलं, तर पारदर्शक नळीच्या वळणावर मोहरीएवढा थेंब अडकलेला! कानात बसणारा साचा नळीसकट मशीनपासून सोडवून नळी हवा मारायच्या रबरी फुग्याने फुंकली की आवाज येतो, पण दोन तासांत पुन्हा तेच.

रोज रात्री सेल काढून, सेलच्या खणाचं झाकण उघडं ठेवून मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवतो. सेल बाहेरच, कारण कोरड्या डबीत तोही सुकतो. साचा आठवड्यातून एकदा कोमट साबणपाण्यात धुतो, रात्रभर वाळवतो. तरी हे असं.

नळी पिवळट, कडक झाली आहे. आठ महिने बदललेली नाही, ही आमचीच चूक. ओल न धरणारी जाड नळी मिळते म्हणे. कोकणात कुणी वापरली आहे का? पावसात फरक पडला का? आवाज कमी तर होत नाही ना? आणि डबीतले निळे दाणे गुलाबी झालेत, ते तापवून वापरायचे की नवे आणायचे?

मशीन बंद पडलं की आई सांगत नाही, नुसती "हो हो" म्हणत बसते. नात शाळेतलं काहीबाही सांगत असते आणि आजी भलतंच उत्तर देते. फार वाईट वाटतं. अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा.