ड्रॅगस्टरला पूर्ण बंद बॉडी: वेळ वाचते की नुसतं वजन वाढतं?

सातपुडा_रेसिंग (जळगाव) विचारतो:

राम राम मंडळी. कॉलेजच्या टीमचा ड्रॅगस्टर (थोड्या अंतराच्या सरळ शर्यतीची गाडी) तयार होतोय. चासी पाइपची, व्हीलबेस ३.६ मीटर. एस्टीमचं १.३ लिटरचं ८५ अश्वशक्तीचं इंजिन गिअरबॉक्ससकट ड्रायव्हरच्या मागे. वजन ४०० किलो, ड्रायव्हर ७०. एकूण वजनाचा ६५ टक्के भार मागच्या चाकांवर. पळवायची बंद धावपट्टीवर, परवानगीने, ४०२ मीटर.

टीममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो नाकापासून शेपटापर्यंत फायबरची बंद बॉडी करू, चाकंही झाकू. दुसरा म्हणतो उघडीच राहू द्या, मागे मोठा विंग लावा. दोघांकडेही आकडे नाहीत. काय करावं?

तापीकाठ:

आकडे नसतील तर भांडण मिटणार नाही, म्हणून आधी तेच.

तुमच्यासारख्या उघड्या गाडीचा रोधगुणांक (आकार हवेला किती अडतो तो आकडा) गुणिले समोरचं क्षेत्रफळ साधारण ०.६३ चौ. मी. धरा. नीट केलेल्या बंद बॉडीत ते ०.३७ पर्यंत येऊ शकतं. जळगावच्या उन्हाळ्यात हवेची घनता घनमीटरला १.१ किलोच्या आसपास असते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्याला लागणारी ताकद घनाने. हिशेब असा येतो:

ताशी ६० ला उघड्या गाडीची जेमतेम २ अश्वशक्ती हवेत जाते. १०० ला १०. १५० ला तब्बल ३४. बंद बॉडीत १५० ला २० लागतात. म्हणजे सुरुवातीला बॉडी जवळपास निरुपयोगी, आणि शेवटच्या शंभर मीटरला १४ अश्वशक्ती मोकळी करणारी.

आता हेच ४०२ मीटरवर. चाकांवर ७० अश्वशक्ती आणि सुटताना टायरची पकड अर्ध्या जीएवढी (गुरुत्वाकर्षणाच्या निम्मी) धरली तर:

उघडी गाडी, ४७० किलो: सुमारे १४.४ सेकंद, शेवटी ताशी १५९.
बंद बॉडी, वजन अजिबात न वाढता (असं होत नाही, पण तुलनेसाठी): १४.१ सेकंद, १६७.
बंद बॉडी, ३५ किलो जास्त: १४.३ सेकंद, १६५.

शेवटची ओळ दोनदा वाचा. वेग सहाने वाढला, वेळ मात्र सेकंदाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाने कमी झाली. ड्रॅगमध्ये आधी पोचणारा जिंकतो, शेवटी जोरात असणारा नव्हे. २०१ मीटरला तर ३५ किलोची बॉडी उलट केसभर मागेच ठेवेल. तेव्हा खरा प्रश्न "बॉडी हवी का" हा नाही, "किती किलोत बसते" हा आहे. १५ किलोत बसली तर लावा. ३५ होणार असेल तर तेवढी मेहनत सुटण्यावर घाला: टायरचा दाब, क्लच, पहिला गिअर.

मोठ्या विंगचंही तेच. अर्ध्या चौ. मी. चा विंग ताशी १५० ला ४५-५० किलोचा दाब देईल, पण ६० ला फक्त आठेक किलो. पकड कमी पडते ती सुटताना, तेव्हा विंग झोपलेला असतो. तुमच्या ताकदीला वरच्या वेगात चाक घसरून फिरत नाही. छोटा विंग ठेवा, तोही गाडी सरळ राहावी म्हणून.

धुळ्याचा_वारा:

वरचा हिशेब मान्य. पण बंद बॉडीचा धोका वेळेत नाही, उचलण्यात आहे.

इतिहास बघा. अमेरिकेचा ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सने १९८६ मध्ये 'स्वॅम्प रॅट ३०' आणली: झाकलेलं नाक, पुढे छोटी चाकं, ड्रायव्हरवर बंद कॅनोपी (पारदर्शक झाकण). मार्चमध्ये गेन्सव्हिलला तिने ताशी २७२.५६ मैल, म्हणजे ४३९ किलोमीटर गाठले. २७० मैलांपलीकडे जाणारी पहिली टॉप फ्युएल (ड्रॅगस्टरचा सर्वात वेगवान वर्ग) गाडी तीच. त्याच वर्षी इंग्लिशटाउनला सुटताना तिचं नाक वर गेलं, खाली हवा शिरली आणि गाडी मागच्या चाकांवर उभी राहून उलट फिरली. गार्लिट्स वाचला. गाडी पुढे स्मिथसोनियन संग्रहालयात गेली, पण झाकलेल्या गाड्यांची लाट काही टिकली नाही. कारण साधं आहे: टॉप फ्युएलमध्ये मागचा विंगच टनांनी दाब देतो आणि त्याचा रोध इतका असतो की नाक गुळगुळीत केल्याची बचत त्यापुढे किरकोळ. वर दोन फेऱ्यांमध्ये इंजिन अख्खं उघडायचं असतं, तिथे झाकण काढत बसायला वेळ कुणाला? कॅनोपी २०१२ मध्ये अधिकृतपणे परत आली, पण ती ड्रायव्हरच्या डोक्याच्या सुरक्षिततेसाठी.

तुमच्या गाडीला ६५ टक्के भार मागे आहे. म्हणजे गुरुत्वमध्य पुढच्या आसापासून २.३४ मीटरवर. नाकापासून शेपटापर्यंत सारख्या उंचीची बॉडी केली तर बाजूच्या वाऱ्याचा जोर लागतो तो बिंदू गाडीच्या मधोमध, म्हणजे गुरुत्वमध्याच्या पुढे येतो. मग आडवा वारा नाक ढकलतो आणि गाडी वाऱ्याबरोबर वळत जाते. आपल्याकडे मे-जूनच्या दुपारी पश्चिमेचा वारा कसा सुटतो ते सांगायला नको. साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत.

तपासायची युक्ती: गाडीची बाजूची आकृती पुठ्ठ्यावर १:१० मापात कापा आणि टाचणीवर तोला. जिथे तोलेल तो बाजूच्या क्षेत्रफळाचा मध्य. तो गुरुत्वमध्याच्या मागे यायलाच हवा, आणि चांगला २०-२५ सेंटिमीटर मागे, कारण वारा थोड्या कोनात आला की प्रत्यक्ष जोर या बिंदूच्याही पुढे लागतो. येत नसेल तर नाक बुटकं आणि अरुंद करा, विंगच्या दोन्ही टोकांना उभे पत्रे मोठे लावा. उभे पत्रे मागे जेवढे, तेवढी गाडी सरळ.

नाकाची हनुवटी जमिनीजवळ ठेवा, खालची बाजू पुढून मागे खाली उतरती नको. मागे व्हीली बार (नाक उचललं तरी गाडी उलटू न देणारा छोट्या चाकांचा दांडा) हवाच.

सातपुडा_रेसिंग:

पुठ्ठ्याचं आजच करतो. एमआयडीसीत विचारलं तर दोन थर ४५० ची मॅट (काचतंतूंची चटई) सांगितली. तेवढ्यात १५ किलोत बसेल का? आणि नाक बंद केल्यावर रेडिएटरचं काय?

भुसावळ_फायबर:

नाही बसणार भाऊ. ४५० ची मॅट दोन थर म्हणजे चौ. मी. ला ९०० ग्रॅम काच. हाताने लावताना मॅट आपल्या वजनाच्या अडीचपट रेझिन पिते. त्यावर जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत रेझिनचा थर). झाले साडेतीन किलोच्या वर. तुमची बॉडी ७ चौ. मी. तरी होणार, म्हणजे २५ किलो नुसतं फायबर, मग ब्रॅकेट, बोल्ट, पुटी. पुटीचं वजन कोणीच धरत नाही आणि तीच चार-पाच किलो खाते.

स्वस्तातला मार्ग: मधला सरळ भाग ०.८ मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, चौ. मी. ला २.१६ किलो. फक्त नाक आणि ड्रायव्हरच्या मागचा उतार फायबरचा, तोही मॅटऐवजी २०० ग्रॅमचं विणलेलं कापड दोन थर, इपॉक्सीत. इपॉक्सी महाग, पण कापडाच्या वजनाएवढंच लागतं. ८०० ग्रॅमला चौ. मी. सुटतो. पातळ कवच थरथरतं, म्हणून आतून दर ३० सेंटिमीटरला फोमची पट्टी चिकटवून वर एक थर कापड.

साच्यात होणारी चूक: थर्माकोल कोरून त्यावर थेट पॉलिस्टर रेझिन लावतात आणि थर्माकोल साखरेसारखा विरघळतो. थर्माकोल असेल तर इपॉक्सीच लावा, नाहीतर आधी वर पीओपीचा थर आणि पॅकिंग टेप.

पॉलिस्टर वापरणार असाल तर आपल्या उन्हाळ्यात काम सकाळी दहाच्या आत. हार्डनर १ टक्का पुरे, अर्ध्या किलोपेक्षा मोठा घाणा करू नका, डबा हातात तापतो. आणि हे लक्षात ठेवा: कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव्य) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळून घ्या, हार्डनर मग.

रोल केज आणि विंगच्या दांड्या उघड्या सोडू नका. गोल पाइपला हवा फार अडते. लांबी जाडीच्या तीन-चारपट असलेलं थेंबाच्या आकाराचं कवच घातलं की त्याचा रोध दहाव्या हिश्शावर येतो. इथे पीव्हीसी पाइपला तोटा नाही. पातळ ५० मिमीचा उभा चिरा, हॉट एअर गनने मऊ करून लाकडी साच्यात दाबा. सायलेन्सरपासून मात्र लांब ठेवा, सत्तर-ऐंशी अंशाला तो लोळतो.

तापीकाठ:

रेडिएटर काढून टाका. १४ सेकंदांच्या धावेत १० लिटर पाणी साधारण १८-२० अंशांनी तापतं, तेवढी साठवण पुरते. त्रास रांगेत होतो: ४४ अंशांत इंजिन चालू ठेवून उभं राहिलात तर पाणी सुटण्याआधीच उकळायला येईल. गाडी ढकलत न्या, शेवटच्या मिनिटाला सुरू करा.

शेपूट लांब निमुळतं करण्याच्या नादी लागू नका. उतार १०-१२ अंशांपेक्षा तीव्र झाला की हवा बॉडीपासून सुटते आणि मागे भोवरा पडतो. तेवढ्या उताराने जितकं जमेल तितकं जाऊन सरळ कापा. खात्रीसाठी लोकरीचे ७-८ सेंटिमीटरचे धागे टेपने चिकटवा आणि शेजारून दुसऱ्या गाडीतून व्हिडिओ काढा. धागा फडफडतो किंवा उलटा वळतो तिथे चूक आहे.

बॉडीने खरंच काही दिलं का हे न्यूट्रलमध्ये मोजा. ताशी १०० वरून ८० ला यायला उघड्या गाडीला ९ सेकंदांच्या आसपास लागतील, चांगल्या बंद बॉडीला १३ च्या पुढे. दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा, पहाटे वारा पडलेला असताना, टायरमध्ये तीच हवा ठेवून. ११ च्या खाली आलं तर बॉडी काढा आणि फटी शोधा. बहुतेक वेळा पोटाखालचा पत्रा अर्धवट सोडलेला असतो.

धुळ्याचा_वारा:

एक राहिलं. झाकण बाहेरूनही एका हाताने, हत्याराशिवाय उघडलं पाहिजे. पाव वळणाचे फास्टनर लावा, बोल्ट नको. ड्रायव्हरने हेल्मेट, हातमोजे घालून दहा सेकंदांत बाहेर येऊन दाखवल्याशिवाय इंजिनला चावी लावू नका.